सुई फुकट, पट्टी बाहेरून

माझ्या मेडिकलमध्ये इन्सुलिन फ्रिजमध्ये असतं आणि शुगर तपासायच्या पट्ट्या कुलपात. नवा पोरगा कामाला लागला की त्याला हे उलटं वाटतं. जीव वाचवणारं औषध ते, कुलूप त्याला नको का? मग मी त्याला दोन्हींच्या किमती वाचायला लावतो. साध्या मानवी इन्सुलिनची दहा मिलीची बाटली दीडशे रुपयांच्या आसपास, आणि तिच्यात ४०० युनिट. पन्नास पट्ट्यांची बऱ्या कंपनीची डबी घ्यायची तर सातशेपासून हजार-बाराशेपर्यंत. डबी मुठीत मावते आणि मुठीत मावणारी महाग वस्तू दुकानातून आपोआप चालायला लागते.

आता हिशेब पुढे न्या. टाइप वन डायबेटिस, म्हणजे शरीरात इन्सुलिन बनणंच थांबलेला प्रकार, असलेल्या दहा-बारा वर्षांच्या मुलीला दिवसाला तीसेक युनिट इन्सुलिन लागतं असं धरू. महिन्याला ९०० युनिट, म्हणजे सव्वादोन बाटल्या, म्हणजे साडेतीनशे रुपये. याच मुलीची शुगर दिवसातून चारदा तपासायची, म्हणजे सकाळी, दोन्ही जेवणांआधी आणि झोपताना, तर महिन्याला १२० पट्ट्या. पंधरा ते वीस रुपयांना एक धरली तर १८०० ते २४०० रुपये. औषध साडेतीनशेचं, आणि ते किती टोचायचं हे कळायला दोन हजार.

हीच मुलगी सरकारी दवाखान्यात गेली की काय होतं? १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत, केसपेपरचेही पैसे नाहीत. चांगली गोष्ट आहे, आणि मी मेडिकलवाला असूनही तसंच म्हणतो. साठा असेल त्या दिवशी इन्सुलिनची बाटली हातात पडते, सिरिंजही मिळते. पट्ट्यांचं विचारलं की आमच्या भागात उत्तर ठरलेलं असतं: "ते बाहेरून आणा." आपल्या सरकारी आरोग्यसेवेत सगळ्यात जास्त वेळा लिहून दिलेलं औषध कुठलं असेल तर 'बाहेरून आणा' हेच.

'बाहेर' म्हणजे माझं दुकान. पट्ट्यांवर मला नफा आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना कुणाला शंका नको. माझं म्हणणं एवढंच आहे की जो माणूस इन्सुलिन टोचून जगतो त्याला पट्टी सरकारने फुकट द्यावी. ती इन्सुलिनचाच भाग आहे असं मानून, त्याच खिडकीवर, त्याच चिठ्ठीवर द्यावी. पैसे कमी पडत असतील तर ते शुगर-तपासणी शिबिरांच्या खर्चातून काढावेत.

गोळ्यांची सवय झालेल्या लोकांना हे चटकन पटत नाही. बीपीची गोळी रोज एक, रोज तेवढीच. इन्सुलिनचं तसं नाही. कमी पडलं तर रक्तात आम्ल साचून मूल दोन-चार दिवसांत बेशुद्ध होतं, आणि जास्त झालं तर काही तासांतच. घाम सुटतो, हात थरथरतात, मूल असंबद्ध बोलायला लागतं, झटके येतात. लोक याला 'शुगर लो झाली' म्हणतात. आज किती टोचायचं हे आज किती भाकरी खाल्ली, शाळेत खो-खो होता का, अंगात ताप आहे का, मुलगी वयात आली असेल तर पाळी कधी आहे, या सगळ्यावर ठरतं. कालचा डोस आज चालेलच असं नाही. आणि हे सगळं ठरवायला हातात असतो तो पट्टीवरचा एक आकडा. तो नसेल तर सुई मारणारा हात अंदाजाने चालतो.

गिऱ्हाइकांशी बोलून बोलून मला कळलेली एक गोष्ट सरकारी अहवालांत क्वचितच सापडते. पट्टी नसलेल्या घरात मुलाला इन्सुलिन कमी दिलं जातं, आणि ते मुद्दाम. आई अडाणी असते म्हणून असं होत नाही, तिचा हिशेब पक्का असतो. रात्री अडीच वाजता मूल गाढ झोपलंय की शुगर उतरून शुद्ध हरपलीये, हे अंधारात बघून कळत नाही. एकदा झटका बघितलेली आई पुन्हा ती जोखीम घेत नाही. डॉक्टरांनी बारा युनिट सांगितलेले असतात, ती आठ देते. शुगर तीनशेच्या घरात राहते, पण सकाळी मूल उठतं. तिला तेवढंच हवं असतं. त्या तीनशेचं बिल पंधरा वर्षांनी येतं: मुलाची उंची खुंटते, डोळ्यांचा पडदा खराब होतो, किडनी जाते. डॉक्टर कागदावर 'रुग्ण उपचार नीट घेत नाही' असं लिहितात. खरं तर आई रात्रभर जागी असते आणि तिच्याजवळ वीस रुपयांची पट्टी नसते.

माझ्या वडिलांच्या काळी दुकानात बेनेडिक्टच्या द्रावणाची बाटली असायची. लघवीचे आठ थेंब घालायचे, उकळायचं आणि रंग बघायचा: निळा, हिरवा, पिवळा, शेवटी विटकरी. वयस्कर लोकांना तो वास अजून आठवत असेल. स्वस्त होतं, पण त्यात एक मोठी गोम होती. रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेली तरच ती लघवीत उतरते. म्हणजे वाढलेली कळायची, तीही तासा-दोन तासांपूर्वीची, आणि घसरलेली कधीच नाही. चाळीस असो की एकशेचाळीस, रंग निळाच. बोटावरच्या थेंबाची पट्टी आली तेव्हा पहिल्यांदाच घरच्या माणसाला खालची धोक्याची रेघ दिसायला लागली. म्हणून पट्टीला 'उपकरण' म्हणून वेगळ्या फाइलीत टाकणं मला पटत नाही. मोजल्याशिवाय हे औषध सुरक्षितच नाही.

इन्सुलिनच्या बाबतीत जग सुरुवातीला तरी उदार होतं. १९२१ मध्ये टोरांटोत शोध लागला, जानेवारी १९२२ मध्ये चौदा वर्षांच्या लेनर्ड थॉम्पसनला पहिलं इंजेक्शन मिळालं, आणि शोधकर्त्यांनी पेटंट टोरांटो विद्यापीठाला एकेका डॉलरला देऊन टाकलं. पुढे कंपन्यांनी त्या एका डॉलरचं काय केलं हा वेगळा आणि लांबलचक विषय आहे, त्यात आज शिरत नाही. आपल्याकडे साधं मानवी इन्सुलिन आज किंमत-नियंत्रणाखाली आहे आणि अत्यावश्यक औषधांच्या २०२२ च्या राष्ट्रीय यादीत ग्लार्जिन हे दिवसभर पुरणारं इन्सुलिनही आलं. औषधाच्या बाजूने सरकारने काहीच केलं नाही असं कुणी म्हणू नये. मोजण्याच्या बाजूलाही थोडं केलंय. जुलै २०२१ मध्ये ग्लुकोमीटरसह पाच उपकरणांच्या व्यापारी नफ्यावर मर्यादा आली. २२ सप्टेंबर २०२५ पासून ग्लुकोमीटर आणि पट्ट्यांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. हजाराच्या डबीवर बासष्ट रुपये वाचले. चार पट्ट्या. एका दिवसाच्या.

तर मग पट्ट्या सरकारकडे नाहीतच का? आहेत की! उपकेंद्रात आहेत, आयुष्मान आरोग्य मंदिरात आहेत, आशाताईंबरोबर घरोघर फिरतात. असंसर्गजन्य आजारांचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून आहे, नाव मधे बदललं. त्यात तिशीच्या पुढच्या प्रत्येकाची तपासणी करायची असते. आशाताई एक फॉर्म भरतात: वय, कंबर, तंबाखू, दारू, घरात कुणाला शुगर-बीपी आहे का. मग बोटाला टोचणं. २०२५ मध्ये २० फेब्रुवारी ते ३१ मार्च अशी खास मोहीमही झाली. शिवाय १४ नोव्हेंबर, इन्सुलिनच्या शोधकर्त्यांपैकी एक असलेल्या बँटिंगचा जन्मदिवस, म्हणजे जागतिक मधुमेह दिन. त्या दिवशी तालुक्याच्या गावात दोन-तीन तरी शिबिरं होतात. मांडव, फ्लेक्स, पुढाऱ्याचं बोट पहिलं. नेता असो की तलाठी, सकाळचा नाश्ता झालेला असतो, त्यामुळे आकडा धड उपाशीपोटीचा नसतो आणि धड जेवणानंतर दोन तासांचाही नसतो. फोटो मात्र चांगला येतो.

तपासणी निरर्थक आहे असं मी म्हणत नाही. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीनुसार देशात १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटी ६० लाख काठावर आहेत. शेजारच्या गोव्यात तर प्रमाण २६.४ टक्के, देशात सगळ्यात जास्त. इतक्यांना आधी शोधायला हवंच. पण शोधून पुढे काय? माझ्या ओळखीचे एक निवृत्त शिक्षक दर नोव्हेंबरला न चुकता शिबिरात बोट टोचून घेतात आणि "यंदा दोनशे दहा" असं पावसाचा आकडा सांगावा तसं सांगतात. त्यांना आपल्याला शुगर आहे हे आठ वर्षांपासून माहीत आहे. त्यांच्यावर आतापर्यंत आठ पट्ट्या खर्च झाल्या, त्यांच्या आजारात काडीचा फरक पडला नाही. मोहिमेचा अहवाल 'इतके तपासले' यावर ठरतो, त्यामुळे आठही वेळा ते अहवालात मोजले गेले. आणि ती दहा-बारा वर्षांची मुलगी तिशीच्या आतली, तिला या मोजणीत जागाच नाही. सरकार पट्ट्या विकत घेतं, पण त्या चुकीच्या बोटांवर जातात.

यावर पहिला आक्षेप येतो तो पैशांचा. बोटांवर मोजता येईल असा हिशेब आहे. आयसीएमआरने जून २०२२ मध्ये टाइप वनसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात चौदा वर्षांखालच्या मुलांचा अंदाज ९५,६०० दिला आहे. खरा आकडा जास्त असेल, पण हाच धरू. दिवसाला चार पट्ट्या म्हणजे वर्षाला जवळपास चौदा कोटी पट्ट्या. ठोक खरेदीत पट्टी पाच रुपयांना पडली तर सत्तर कोटी, दहाला पडली तर एकशेचाळीस कोटी. संपूर्ण देशासाठी, सगळ्या मुलांसाठी. केंद्राचं आरोग्याचं वार्षिक अंदाजपत्रक एक लाख कोटींच्या घरात आहे. पुढे प्रौढ टाइप वन रुग्ण धरले, गरोदरपणात इन्सुलिन लागणाऱ्या बायका धरल्या, तर रक्कम काही पटींनी वाढेल हे मान्य. तरीही ती राज्यं आणि केंद्र मिळून न पेलवणारी नाही.

पट्टी पाच रुपयांना मिळेल का, असं कुणी विचारेल. जानेवारी २०१४ मध्ये तेव्हाचे केंद्रीय आरोग्यमंत्री गुलाम नबी आझाद यांच्या हस्ते देशी बनावटीच्या पट्ट्या आणि मीटरचं उद्घाटन झालं होतं. एक तंत्र आयआयटी मुंबईशी जोडलेलं, दुसरं बिट्स पिलानीच्या हैदराबाद शाखेतलं, मागे आयसीएमआर. दोन ते चार रुपयांत पट्टी, असं तेव्हा सांगितलं गेलं. आम्ही दुकानदारांनी पेपरात वाचून कपाळाला हात लावला होता, आता धंदा बसला म्हणून. बारा वर्षं होत आली, माझ्या दुकानात कुठल्याही डिस्ट्रिब्युटरने ती पट्टी आणली नाही. स्वस्त माल बनवणाऱ्याला टिकायला मोठं, खात्रीचं गिऱ्हाईक लागतं, आणि एवढं मोठं गिऱ्हाईक या देशात एकच आहे. तमिळनाडूने नव्वदच्या दशकात स्वतःचं औषध खरेदी महामंडळ काढलं, सगळ्या राज्याची खरेदी एकत्र केली, आणि औषधं बाजारभावाच्या कितीतरी खाली आणून दाखवली. महाराष्ट्राने २०२३ मध्ये वैद्यकीय वस्तू खरेदीसाठी कायदा करून स्वतंत्र प्राधिकरण स्थापन केलं आहे. त्याला शोभेल असं हे पहिलं काम आहे.

इथे धंद्यातली एक खुबी सांगतो, कारण निविदा काढणाऱ्याला ती माहीत असायला हवी. मीटर आणि पट्टीचं नातं कुलूप-किल्लीचं असतं, एका कंपनीची पट्टी दुसऱ्याच्या मीटरला चालत नाही. म्हणून कंपन्या मीटर जवळपास फुकट वाटतात. कोंबडी फुकट घ्या, दाणे मात्र आमच्याकडूनच. सरकारने दरवर्षी सगळ्यात कमी बोलीवाला बदलत नेला तर दरवर्षी गावोगावचे मीटर भंगारात जातील आणि आजीला तिसऱ्यांदा नवं यंत्र शिकवावं लागेल. करार किमान चार-पाच वर्षांचा हवा. आणि स्वस्तात घेताना अचूकतेवर तडजोड नको. आंतरराष्ट्रीय मानकानुसार शंभरच्या खालच्या आकड्यात शंभरातले पंच्याण्णव निकाल पंधराच्या फरकात बसले पाहिजेत, वरच्या आकड्यात पंधरा टक्क्यांच्या. साठ असताना नव्वद दाखवणारी पट्टी फुकट मिळाली तरी ती घरात ठेवू नये.

दुसरा आक्षेप मला गावातल्याच शिकल्यासवरल्या लोकांकडून ऐकायला मिळतो: "खायचे चोचले यांचे, भुर्दंड सरकारला कशाला?" टाइप वनच्या बाबतीत हे निव्वळ अज्ञान आहे. तिथे शरीराची स्वतःचीच यंत्रणा इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारून टाकते, पेढ्यांचा काही संबंध नाही. पण टाइप टू, म्हणजे बहुतेकांना मोठेपणी होणारा नेहमीचा प्रकार, त्याच्या बाबतीतही हे बोलणं हलकं आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायका आणि त्यांची मुलं यांचा पिढीभर पाठपुरावा केला. आपली बाळं जन्मतःच वजनाने हलकी, तरी अंगात चरबीचं प्रमाण जास्त, असं त्यांनी दाखवलं. आईच्या पोटातल्या उपासमारीची ती खूण आहे. शेतात दिवसभर राबून अर्धपोटी राहिलेल्या बाईच्या पोरीला चाळिशीत शुगर निघते आणि आपण तिला चोचले म्हणतो.

तरीही सगळ्या मधुमेहींना पट्ट्या वाटा असं मी म्हणणार नाही, आणि हे म्हटल्यामुळे माझी काही गिऱ्हाइकं नाराज होतील. गोळ्यांवर असलेल्या, शुगर स्थिर असलेल्या माणसाने रोज बोट टोचून फारसं काही साधत नाही. आकडा बघून तो काय बदलणार? गोळी तर तीच असते. ऑस्ट्रेलियात १९८७ पासून मधुमेहींसाठी राष्ट्रीय योजना आहे, नाव नोंदवायचं आणि सवलतीत पट्ट्या घ्यायच्या. त्यांनीही जुलै २०१६ पासून इन्सुलिन न घेणाऱ्या टाइप टू रुग्णांना फक्त सहा महिन्यांच्या पट्ट्या असा नियम केला, पुढे खरी गरज असेल तरच. तेव्हापासून तिथे पुरवठा औषधाच्या दुकानांतूनच होतो, हेही मला आवडतं, का ते सांगायला नको. गोळ्यांवरच्या माणसाला द्यायची तर तीन-सहा महिन्यांतून एकदा एचबीए१सी तपासणी ग्रामीण रुग्णालयात फुकट आणि वेळेत द्या. ती तीन महिन्यांची सरासरी सांगते. फक्त नंदुरबार, गडचिरोलीकडे जिथे सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे तिथे हा आकडा फसवा निघू शकतो, हे तिथल्या डॉक्टरांना ठाऊक असतं, निविदा काढणाऱ्याला असेलच असं नाही.

तिसरा आक्षेप गळतीचा. फुकटच्या पट्ट्या बाजारात विकल्या जातील. जातील की, माझ्याच दुकानात कुणी आणून देईल. पण इथे पहारेकरी यंत्राच्या पोटातच बसलाय. प्रत्येक मीटर शेवटचे काहीशे निकाल तारीख-वेळेसह जपून ठेवतं. पुढच्या महिन्याच्या पट्ट्या घ्यायला येताना मीटर आणायचं, नर्सने मेमरी बघायची. शंभर पट्ट्या नेल्या आणि वीसच निकाल असतील तर विचारायचं. अॅप नको, पोर्टल नको, ओटीपी तर मुळीच नको. शिवाय ते आकडे बघूनच डोस सुधारता येतो, त्यामुळे गळती रोखणं आणि उपचार करणं एकाच पाच मिनिटांत होतं.

विमा आहे ना, असंही काहीजण म्हणतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता राज्यातल्या सगळ्यांना लागू आहे, पाच लाखांपर्यंत. पण तिचं दार उघडतं ते दाखल झाल्यावर. आम्ल साचून बेशुद्ध झालेल्या मुलाला आयसीयूत ठेवायचं, गँगरीन झालेला पाय कापायचा, डायलिसिस करायचं, याला योजना आहे. ज्या पट्टीने हे तिन्ही टळतात किंवा लांबतात ती घरी वापरायची असते आणि घराला पॅकेज कोड नसतो. आयसीयूतल्या एका दिवसाच्या खर्चात किती महिन्यांच्या पट्ट्या येतात हा हिशेब खरं तर योजनेच्या अधिकाऱ्यांनीच करायला हवा, पण ती बचत एका खात्याची आणि खर्च दुसऱ्या खात्याचा.

सध्या या मुलांपैकी अनेकांचं भागतं ते धर्मादाय संस्था आणि कंपन्यांच्या कार्यक्रमांवर. छत्रपती संभाजीनगरच्या 'उडान'सारख्या संस्था वर्षानुवर्षं हे काम करताहेत, त्यांच्याबद्दल आदरच आहे. पण देणगीवर चालणाऱ्या पुरवठ्याला देणगीदाराच्या मनाचा अंदाज घेत जगावं लागतं. कंपन्यांचं तर आणखी वेगळं. मानवी इन्सुलिनची, टोचायच्या पेनमध्ये घालायची कार्ट्रिज हळूहळू बंद करण्याचा एका बहुराष्ट्रीय कंपनीचा निर्णय २०२५ मध्ये आला, आणि वर्षानुवर्षं पेन वापरणारी म्हातारी माणसं पुन्हा बाटली-सिरिंजकडे वळायला लागली. इथे एक धोका असतो जो बाहेरच्यांना दिसत नाही. आपल्याकडे सरकारी बाटली बहुतेक मिलीला ४० युनिटची, तिला लाल टोपणाची सिरिंज. पेनचं इन्सुलिन मिलीला १०० युनिटचं, त्या ताकदीच्या सिरिंजला केशरी टोपण. अदलाबदल झाली तर डोस अडीच पट किंवा त्याच्या उलट. बदलाच्या अशा दिवसांत घरात पट्टी नसणं म्हणजे रात्री दिवा न लावता गाडी चालवणं.

केरळने याला उत्तर म्हणून सरकारी योजनाच काढली, नाव ठेवलं 'मिठाई'. टाइप वनच्या मुलांना इन्सुलिन, पेन, मीटर आणि पट्ट्या तिथे सामाजिक सुरक्षेचा भाग म्हणून मिळतात. नावातला खट्याळपणा मला आवडला. आपल्याकडे अशी योजना आली तर दोन गोष्टी आधीच बघाव्यात. एक म्हणजे वय. बालकांच्या योजना अठराव्या वाढदिवसाला संपतात, हा आजार संपत नाही, आणि नेमकं तेव्हाच मुलगा कॉलेजला शहरात जातो किंवा मुलीचं लग्न ठरतं. मुलीच्या लग्नात हा आजार लपवला जातो, हे मी दुकानदार म्हणून डोळ्यांनी बघितलंय. सासरी फ्रिजमध्ये बाटली ठेवायची सोय नसते, बोट टोचायचं तर न्हाणीघरात. अशा मुलीकडे स्वतःच्या नावाची सरकारी नोंद आणि कुठल्याही दवाखान्यात चालणारं कार्ड असेल तर निदान पट्टीसाठी नवऱ्यापुढे हात पसरावा लागणार नाही.

दुसरी गोष्ट ऊसतोडीची. आमच्या भागातून दिवाळीच्या सुमारास गाड्या भरून माणसं कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडे, पार कर्नाटकात जातात ती गुढीपाडव्याच्या आसपास परततात. लेकरंही बरोबर. पुरवठा जर गावच्या आरोग्य केंद्राशी बांधलेला असेल तर पाच महिने त्या लेकराला काहीच नाही. चार-पाच महिन्यांचं इन्सुलिन एकदम द्यावं तर कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपडीत, फ्रिज कुठला? उघडलेली बाटली साध्या तापमानाला जेमतेम महिनाभर टिकते, तीही उन्हाळा नसेल तर. बायका मडक्यात वाळू घालून, ओली करून, त्यात बाटली ठेवतात, आणि ही युक्ती खरोखर चांगली आहे. पट्टीला थंडावा लागत नाही, फक्त डबी घट्ट बंद हवी, दमट हवेने ती बिघडते. म्हणून सुट्या पट्ट्या देऊ नयेत हा नियम. तो नियम मी मोडतो. महिनाअखेरीला माणूस "दोनच द्या" म्हणत उभा राहतो तेव्हा डबी फोडून, प्लॅस्टिकच्या पुडीत बांधून दोनच देतो, आणि आजच वापरा असं बजावतो.

गेल्या महिन्यात असाच एक बाप मीटर घेऊन आला. सेल संपला होता. नवा घालून मी सहज मागचे आकडे बघितले. एक तारखेपासून रोज तीन, कधी चार. दहानंतर रोज दोन. अठरा तारखेला एक, रात्री दोन वाजून चाळीस मिनिटांनी, चौपन्न. त्यापुढे थेट पुढच्या महिन्याची दोन तारीख, म्हणजे पगाराचा दुसरा दिवस. मधल्या दिवसांचं मी विचारलं नाही. त्याने सेलचे पैसे दिले आणि पट्ट्यांची डबी कितीला आहे ते विचारलं.